नैरोबीची नणंद

१

"किती दिवस लागतील, वालजीभाई?"

"पंधरा." वालजीभाई मिस्त्रींनी बशीतला चहा फुर्र करून ओढला, छताकडे बघत काही हिशेब केल्यासारखं केलं आणि पुस्ती जोडली, "फार तर सोळा."

जामनगरात मिस्त्रीचे पंधरा दिवस म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारच्या दक्षामासींच्या स्वयंपाकघराचे पंधरा दिवस आठ महिने चालले होते. तेवढ्यात मासींनी बाल्कनीत शेगडी मांडून थोरल्याचा साखरपुडा उरकला आणि व्याह्यांची पंगत मोरीच्या दाराशी बसवली. ती गोष्ट त्या अजून दर लग्नात सांगतात.

जलपाला हे सगळं पाठ होतं, तरी तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लग्न होऊन आल्यापासून ती या घरात टाचा उंचावून पोळ्या लाटत होती. चिंतनच्या घरातल्या बायका सगळ्या ताडमाड. सासूबाई तर स्टूल न घेता माळ्यावरची बरणी काढायच्या. जुना काळा ओटा त्यांच्या मापाचा, आणि जलपा त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. आता तिच्या मापाचा ओटा होणार होता. तिने भिंतीला पाठ लावून कमरेशी पेन्सिलीने रेघसुद्धा मारून घेतली होती, आणि येता-जाता त्या रेघेकडे बघून हसत होती.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. तिला आठवा लागत होता. माहेरी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच व्हायचं होतं, देवदिवाळीच्या सुमाराला. आणि दिवाळी लागली की मिस्त्री, गवंडी, नळवाला जे गावाला पळतात, ते लाभपंचमीनंतर कधी उगवतील ते द्वारकाधीशच जाणे. म्हणजे काम दिवाळीआधी संपलं तरच खरं. नाहीतर बाळंतिणीचा शिरा मोरीच्या दाराशी.

आणखी एक आनंद होता, तो तिने कोणालाच सांगितला नव्हता. बाळाचं नाव ठेवायचा मान फोईचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. जलपाच्या मैत्रिणींच्या पोरांना त्यांच्या नणंदांनी अशी काही नावं चिकटवली होती की हाक मारताना आयांनाच लाज वाटावी. पण चिंतन एकुलता एक होता. नणंद नाही, म्हणजे फोई नाही. नाव जलपाच ठेवणार होती, आणि तिने ते ठरवलंही होतं. कुठे लिहिलं नव्हतं, चिंतनच्याही कानावर घातलं नव्हतं. दुपारी आडवी झाली की पोटावर हात ठेवून ती मनातल्या मनात त्या नावाने हाक मारायची आणि स्वतःशीच लाजायची.

२

"मिस्त्रीला खरी तारीख सांगितलीस तर संपलीस तू," दक्षामासी कुंपणावरून म्हणाल्या. "दिवाळीला हवंय ना? मग पौर्णिमा सांग, शरदाची. आणि नुसती तारीख सांगून भागत नाही. पाहुणा लागतो."

"बा पोरबंदरहून येणार आहेत, असं सांगू?"

"सासूला कोण घाबरतंय? ती घरचीच. नणंद हवी, आणि तीही परदेशातली. नणंदेच्या नावाने गवंडीसुद्धा थापी पटापट मारतो."

"पण मासी, मला नणंदच नाही."

"मग तर सोन्याहून पिवळं! तुला खोटं पाडायला येणार कोण?"

दोघी पोट धरून हसल्या. जलपाला तर पोट धरूनच हसावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गंभीर चेहरा करून वालजीभाईंना सांगितलं, "शरदपौर्णिमेला माझी नणंद येतेय, नैरोबीहून. बाळाचं नाव ठेवायला. तिला सगळं जिथल्या तिथे लागतं. उशीर झाला तर ती तुमचंही ऐकायची नाही आणि माझंही."

वालजीभाईंनी अशा पुष्कळ नणंदा पाहिल्या होत्या. ते मिशीतल्या मिशीत हसले. "नाव काय बेनचं?"

जलपाने नावाचा विचारच केला नव्हता. पण जीभ अडखळली नाही. "झवेरबेन," ती म्हणाली.

तिच्या माहेरी-सासरी कोणी झवेर नव्हती. इतकं जुन्या वळणाचं नाव आपल्याला सुचलं कसं, याचं तिलाच कौतुक वाटलं.

रात्री चिंतनला सांगितलं, तर तो पितळेच्या मुठींचे नमुने पुसता पुसता खो-खो हसला. त्याचा पितळी सामानाचा छोटा कारखाना होता आणि नव्या कपाटांना तो स्वतः ओतलेल्या मुठी लावणार होता. "चला, या वयात बहीण मिळाली! भाऊबीजेला साडी घ्यावी लागणार म्हणजे."

३

सकाळी चहा उकळायच्या आत दार वाजलं. वालजीभाई सगळी माणसं घेऊन हजर. असा मिस्त्री जामनगराने पाहिला नव्हता. जुना ओटा दुपारपर्यंत फुटून गोण्यांत भरला गेला.

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?" जलपाने विचारलं.

"काय करता बेन, काल रात्री फोन आला ना."

"कोणाचा?"

"झवेरबेनचा. नैरोबीहून. बाप रे, काय आवाज! ओरडल्या नाहीत हं, हळूच बोलल्या. पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा, म्हणाल्या." वालजीभाईंनी कपाळ पुसलं आणि पोरांवर खेकसले, "ए, हात चालवा!"

जलपाने ओठ चावून हसू दाबलं आणि तडक कुंपण गाठलं. "मासी, कमाल केलीत! आवाज काय काढलात, त्यांना घाम फुटलाय!"

दक्षामासींनी मान डोलावली. "शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?"

त्या गल्लीत पाऊस वेळेवर पडला तरी त्याचं श्रेय मासी घेत असत. त्यामुळे जलपाला शंका यायचं कारणच नव्हतं.

आणि मग कामाने असा वेग धरला की बघत राहावं. नळ बदलले, फरशी बसली, रंगाने चिकटून बसलेली खिडकी उघडली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात ऊन आलं. जलपा धुळीत उभी राहून टाळ्या पिटायची. स्वयंपाक ओसरीत, थेपले आणि गाठियांवर दिवस जात होते, पण तक्रार कोण करतंय? नवरात्र लागलं. रात्रभर गरबा खेळून अख्खं गुजरात दुपारी डोळे चोळत उठतं. वालजीभाईंची माणसं मात्र आठाच्या ठोक्याला दारात. गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या, आणि जलपा त्यांना नव्या नवरीचा शालू दाखवावा तशा फरश्या दाखवू लागली.

४

दुपारी एक ते चार जामनगर झोपतं. दुकानांची शटरं खाली, रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे, कुत्रीही सावलीत. कामगार ओसरीत तोंडावर पंचे टाकून पसरायचे.

अशाच एका दुपारी जलपाला जाग आली ती एका आवाजाने. सर्र... चट. थोडं थांबून पुन्हा सर्र... चट. मापाची पट्टी ओढून सोडल्याचा आवाज. तिने पडल्या पडल्या ओसरीत बघितलं. सगळे कामगार घोरत होते. वालजीभाईंच्या पोटावरचा पंचा वरखाली होत होता.

मांजर असेल, तिने मनाशी म्हटलं. मांजर पट्टी कशी ओढेल, असं दुसरं मन म्हणालं. तिसऱ्या मनाला झोप येत होती, त्याचंच तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती चिंतनबरोबर दवाखान्यात गेली. बाळ छान आहे, डोकं खाली वळलंय, डॉक्टरीण म्हणाली. संध्याकाळी दोघं पेढे घेऊन परतली. ओटा बसला होता. दुधासारखा ग्रॅनाइट, कडा गोल घासलेल्या. जलपा धावतच गेली आणि ओट्यापुढे उभी राहिली. ग्रॅनाइटची कड तिच्या छातीला लागत होती.

"वालजीभाई, हे काय? माझी रेघ?"

"रेघ बदलली ना बेन. काल दुपारी झवेरबेन आल्या होत्या."

"कोण आल्या होत्या?"

"आता नणंदेला ओळखत नाही असं करू नका. मी झोपेतून उठलो तर इथे उभ्या. तुम्हाला उठवू म्हटलं, तर नको म्हणाल्या. जड जीव आहे, झोपू दे. मग मीच त्यांच्या कमरेचं माप घेतलं." वालजीभाई नजर चुकवून पेन्सिल कानामागे खोवत होते. "विचारलं, बेन, उतरलात कुठे? तर म्हणाल्या, राहायला अजून आले नाही. माप द्यायला आलेय."

झवेर नावाची कोणी नाही, मी थाप मारली होती, हे वाक्य जलपाच्या ओठावर आलं. पण ते बोललं की वालजीभाई हत्यारं गोळा करून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणार, हे तिला दिसत होतं.

"फोडून पुन्हा बसवता येईल?"

"येईल की. ग्रॅनाइट पुन्हा मागवू राजस्थानातून. मग दिवाळी विसरा. देवदिवाळीही विसरा."

जलपाने पोटावर हात ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं, फरशी लखलखत होती, आणि काम अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. असू दे, ती म्हणाली. पाट घेऊन उभी राहीन.

"मासींनीच कोणी उंच मैत्रीण धाडली असेल," चिंतन म्हणाला. "नाटकाला रंग चढतोय." आणि त्याने पेढ्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकला.

५

कपाटं आली. पांढरीशुभ्र, त्यांवर चिंतनच्या पितळी मुठी. जलपा एकेक दार उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. दाराचा आवाजही येत नव्हता. आनंद इतका झाला होता की दोन गोष्टी तिने बघून न बघितल्यासारख्या केल्या. छताला एक जाड लोखंडी कडी बसली होती. वालजीभाईंच्या म्हणण्याप्रमाणे झवेरबेनना बाळाचा पाळणा स्वयंपाकघरात टांगायला हवा होता, डोळ्यांसमोर. आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतल्या बाजूने नवी कडी बसवली होती.

"स्वयंपाकघराला आतून कडी कोण लावतं?" तिने विचारलं.

"मी पण तेच विचारलं," वालजीभाई म्हणाले. मग ते बिजागऱ्यांना तेल घालायला वळले, आणि जलपानेही फार ताणलं नाही. पौर्णिमा तोंडावर आली होती.

तिसरी गोष्ट मात्र तिला सोडवेना. खालच्या कपाटांच्या मुठी नव्या होत्या, कोऱ्या, किंचित खरखरीत. सगळ्यात वरच्या ओळीच्या मुठी, जिथे पाटावर चढूनही तिचा हात पोचत नव्हता, त्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. वर्षानुवर्षं एकाच हाताने धराव्यात तशा, एकाच बाजूने.

ती कुंपणाशी गेली. या वेळी हसत नव्हती. "मासी, पुरे आता. त्या बाईला सांगा, येऊ नको म्हणावं."

"कोणत्या बाईला?"

"तुम्ही पाठवलीत तिला. फोनही तुम्हीच केला होता ना?"

दक्षामासी पहिल्यांदाच कशाचंही श्रेय घ्यायला तयार झाल्या नाहीत. "मी कुठला फोन करते? त्या मिस्त्रीचा नंबरसुद्धा नाही माझ्याकडे. तू एवढी खुशीत आलीस म्हणून मी आपली मान डोलावली. मला वाटलं, तूच कोणाला तरी उभं केलंस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई कामसू आहे पण. परवा दुपारी गच्चीवर पापड उलटायला गेले, तर तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. काच पुसत होती."

"कशी दिसते?"

"हात दिसले. पदर दिसला. चेहरा कुठला दिसायला? खिडकीची चौकट गळ्यापाशीच संपत होती."

दोघीही त्या खिडकीकडे बघू लागल्या. खिडकी चांगली उंच होती. तिची वरची चौकट छतापासून जेमतेम वीतभर खाली होती.

६

जलपाने पोरबंदरला फोन लावला. सासूबाई धुळीचा त्रास नको म्हणून भावाकडे जाऊन राहिल्या होत्या आणि पौर्णिमेला परतणार होत्या.

"बा, जरा लवकर याल का? मला एकटीला करमत नाही."

"एकटी कशी गं? झवेर आहे ना तिथे?"

जलपाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण झवेर, बा?"

"कोण म्हणजे? काय विचारतेस हे!" सासूबाई हसल्या, सून थट्टा करतेय असं समजून. "ती आली म्हणजे माझा जीव भांड्यात पडला. आता मी दिवाळी इथेच करते. तिचं ऐकत जा हं. हट्टी आहे जरा, पण मुलांचं तिला भारी वेड."

मग त्या लोणच्याच्या मोहरीबद्दल बोलत राहिल्या.

चिंतन शर्टाची बटणं लावत होता. "मीच सांगितलं असेल बाला, गमतीत."

"असेल म्हणजे? सांगितलंस की नाही?"

"आता आठवत नाही गं. कामाच्या गडबडीत..." तो स्कूटरची चावी शोधत होता. उशी उचलली, वर्तमानपत्र उचललं. चावी सापडली तसा त्याचा चेहरा उजळला. "पौर्णिमेला मला राजकोटला जावं लागेल, संध्याकाळी येईन. काळजी करू नकोस. बेन आहे ना घरात."

जलपा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो नेहमी थट्टा करताना एक भुवई चढवायचा. ती चढली होती की नाही, हे नीट बघेपर्यंत तो दाराबाहेर गेला होता.

७

शरदपौर्णिमेच्या सकाळी वालजीभाईंनी शेवटचा कचरा गोणीत भरला आणि हात जोडले. "सांगितलेल्या दिवशी काम पुरं. माझ्या बापानेही कधी केलं नाही, बेन."

"थांबा ना. चारला मासी येताहेत, नव्या शेगडीवर पहिली लापशी करणार आहे मी. तोंड गोड करून जा."

"नको नको. त्या यायच्या आत निघतो." आणि चहाही न घेता ते खरोखर निघून गेले. जाताना त्यांनी आपली पट्टीसुद्धा नेली नाही.

जलपा स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. काय सुंदर झालं होतं! ऊन ओट्यावरून फरशीवर ओघळत होतं, मुठी चमकत होत्या, नळ उघडला की पाणी खळखळून येत होतं. भीती वाटत होती, नाही असं नाही, पण भीतीपेक्षा आनंद मोठा होता. सगळ्या गल्लीत हे कोणाला जमलं नव्हतं. तिने लापशीचा रवा, गूळ, तूप ओट्यावर मांडून ठेवलं, पाट ओढून बघितला, आणि एकच्या सुमाराला पलंगावर आडवी झाली. गावाची शटरं खाली आली. ती पोटावर हात ठेवून रोजच्यासारखी मनात हाक मारणार, तेवढ्यात तिचा डोळा लागला.

जाग आली ती वासाने. तुपात रवा भाजला जात होता. खमंग, बदामी झालेला, आता गुळाचं पाणी पडणार अशा बेताला आलेला.

मासी लवकर आल्या, तिने म्हटलं. उत्साहाने उठलीसुद्धा. पण बाहेरच्या दाराची कडी तिने स्वतः लावली होती, आणि ती तशीच लागलेली होती. स्वयंपाकघराचं दार मिटलेलं होतं. तिने ढकललं. दार हललं नाही.

"मासी?"

आतला उलथन्याचा आवाज थांबला. मग कोणीतरी हाक मारली. आवाज हळू होता, मायेचा, अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसा. हाक जलपाला नव्हती. ते तिचं नाव नव्हतं.

पोटातलं बाळ वळलं. असं वळलं की तिला भिंत धरावी लागली. दुसरी हाक आली, आणि बाळाने दाराच्या दिशेने लाथ मारली, मग पुन्हा एक. इतके महिने जलपा रोज दुपारी हाक मारत होती, त्या हाकेला ते असं कधीच उसळलं नव्हतं.

तिला राग आला. माझं बाळ आहे. मी ठेवलेलं नाव आहे त्याला. आज मोठ्याने घेते, ऐकू दे तिला. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि नाव आलं नाही.

तिने डोळे मिटून शोधलं. दोन अक्षरी होतं. की तीन? गोड होतं, म्हणताना ओठ मिटायचे. की नाही मिटायचे? कालपर्यंत होतं. आज झोपतानाही होतं, हाक मारता मारताच तर डोळा लागला. कोणाला विचारावं? चिंतनला ठाऊक नाही, मासींना नाही, बांना नाही. तिने ते इतकं जपून ठेवलं होतं की तिच्याशिवाय जगात कोणाकडेच नव्हतं, आणि आता तिच्याकडेही नव्हतं. भिंतीला टेकून ती रडू लागली, आवाज न करता.

आतली कडी निघाली. दार हातभर उघडलं.

जलपाला पाळणा दिसला, छताच्या कडीला टांगलेला, लाल कापडाचा, झुलत असलेला. पाट दिसला, ओट्याखाली सारून ठेवलेला, कोणाला लागत नसल्यासारखा. वरच्या ओळीतलं शेवटचं कपाट उघडं होतं आणि त्याच्या मुठीवर एक हात होता. कोपरात वाकलेला. वर पोचण्यासाठी ताणलेला नव्हे, खाली वाकवून आणलेला. त्याच्याही वर जलपाने बघितलं नाही.

तिसरी हाक आली. पोटातलं बाळ आनंदाने उसळलं, आणि "ओ" असं उत्तर आलं. ते आपल्याच तोंडून आलं, हे जलपाला थोड्या वेळाने कळलं.

तिने डोळे पुसले. लापशीचा वास घरभर पसरला होता. हाकेतलं ते नाव तिने हळूच एकदा म्हणून बघितलं, मग पुन्हा एकदा. नाव छान होतं. तिला ते मनापासून आवडलं.